खेळांतील घरें आणि गांवची ऐरण

शाळेच्या वार्षिकांतील मराठी विभागांत संगणकावरील खेळांविषयीं लेख आलेला पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. "मुलांच्या हातून मोबाईल सुटत नाहीं, आणि मास्तर त्यावरच निबंध लिहूं लागले!" असें कोणी म्हटल्यास त्यांस दोष देतां यावयाचा नाहीं. तथापि ज्या गोष्टींत आपलीं मुलें रोज तास दोन तास घालवितात तिची निंदा करण्यापूर्वीं तिच्या आंत काय चालतें हें एकदां पाहून घ्यावें, असें आम्हांस वाटतें. शिवाय या खेळांत घर व कारागिरी यांच्या संबंधाविषयीं गेलीं पंचवीस-तीस वर्षें एक वाद चाललेला आहे. तो वाद आमच्या मतें खेळापुरता नाहीं. फुलसावंगीच्या परिसरांत राहणाऱ्या आम्हां लोकांस तर तो फारच जवळचा आहे. कसा, तें पुढें सांगूं.

ज्यांनीं हे खेळ पाहिलेले नाहींत त्यांच्याकरितां प्रथम थोडा खुलासा करणें अवश्य आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयीं आम्ही येथें बोलत नाहीं. त्यांवर आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत कायद्यानें बंदी घातली, आणि तें योग्यच झालें. आम्ही बोलतों तें 'ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांविषयीं. त्यांत एक कल्पित मुलूख असतो. डोंगर, नद्या, गांवें, बाजार सर्व कांहीं असतें. देशोदेशींचीं हजारों माणसें इंटरनेटवरून एकाच वेळीं त्या मुलुखांत शिरतात आणि प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी नुसता भटक्या. आपल्याकडील बहुरूपी दारोदार जाऊन सोंग आणीत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें प्रेक्षक कोणीच नसून सगळेच बहुरूपी असतात. बुद्धिबळाचा डाव मोडला म्हणजे संपतो, तसा हा खेळ संपत नाहीं. आपण यंत्र बंद करून झोंपीं गेलों तरी तो मुलूख आपला चालूच राहतो.

या मुलुखांत लढाई हा एकच उद्योग नसतो. पुष्कळ खेळाडूंस लढाईपेक्षां कारागिरीची गोडी अधिक. ते खाणींतून धातूचे दगड काढतात, भट्टींत वितळवितात, ऐरणीवर तलवार किंवा चिलखत घडवितात आणि बाजारांत नेऊन विकतात. सुरुवातीस हातून एखादी सुरी कशीबशी होते. तीच शंभर वेळां केली म्हणजे हात बसतो आणि पुढची वस्तु साधूं लागते. याला खेळाडू 'क्राफ्टिंग' म्हणतात. दुसरी आवड घराची. खेळांतलें सोनें सांठवून एखादी जागा घ्यावी, तिच्यावर घर उभारावें, आंत पलंग, दिवे, पुस्तकांचीं कपाटें मांडावींत आणि मित्रांस बोलवावें. याला 'हाउसिंग' म्हणतात. त्या घरांत प्रत्यक्ष एकही रात्र कोणी काढीत नाहीं, तरी त्यासाठीं माणसें वर्षानुवर्षें खपतात. याचें आम्हांस हंसूं येत नाहीं. ज्याच्या घरीं एका खोलींत चौघें झोंपतात अशा मुलास आपल्या हातानें लावलेलें एखादें दार असावें असें वाटलें, तर त्यांत नवल तें काय?

आतां वाद असा कीं ऐरण ठेवावयाची कोठें? चौकांत ठेवली तर घर असो वा नसो, कोणाहि खेळाडूस तिच्यावर काम करतां येतें. घरांतच ठेवली तर ज्याला घर त्यालाच कारागिरी. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांपैकीं कित्येकांचें म्हणणें असें कीं, घराला कांहीं उपयोग नसेल तर तें बाहुलीचें घर होऊन बसतें. चार दिवस नटवून खेळाडू त्याचा नाद सोडतो. म्हणून उत्तम भट्टी, उत्तम माग, उत्तम ऐरण घरांतच मिळावी, म्हणजे घर मिळविण्यास अर्थ येईल. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु त्याचे परिणाम काय झाले तें पाहिल्यावर आमचें मत उलट बाजूस गेलें.

या प्रकारच्या खेळांतील अग्रणी म्हणजे 'अल्टिमा ऑनलाइन'. अमेरिकेंत १९९७ च्या सप्टेंबरांत तो सुरू झाला. त्याच्या ब्रिटन नांवाच्या मुख्य शहरांत एक लोहारसाळ होती, आणि प्रारंभींच्या काळांत त्या भट्टीभोंवतीं लोहारांची ही गर्दी असे. लढून आलेले शिपाई मोडलेलीं चिलखतें घेऊन तेथें यावयाचे. लोहारांनीं तीं दुरुस्त करून द्यावयाचीं. नवखा मुलगा जवळ उभा राहून विचारी कीं हें कसें करतात, आणि कोणी तरी त्याला सांगे. पुढें लोकांनीं मोकळ्या रानांत घरें बांधलीं. रान संपलें; जागा मिळेनाशी झाली; इतकी कीं खेळांतील घरें ईबे या लिलावाच्या बाजारांत खऱ्या डॉलरांस विकलीं जाऊं लागलीं! ज्याला घर मिळालें त्यानें भट्टी घरांत नेली आणि दारांत एक पगारी विक्रेता उभा केला. हा विक्रेता माणूस नव्हे. यंत्रानें चालणारें बाहुलें. माल मिळे, परंतु "हें कसें करतात?" असें त्या बाहुल्यास विचारण्यांत अर्थ नव्हता.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर २०१४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अतिप्रसिद्ध खेळांत घडला. त्या वर्षीं निघालेल्या नव्या भागांत प्रत्येक खेळाडूस स्वतःचें एक ठाणें मिळालें. ठाण्यांत स्वतःची खाण, स्वतःचा वनस्पतींचा मळा आणि स्वतःची लोहारसाळ. येथें कोणी वंचित राहिला नाहीं, हें खरें. सर्वांस सर्व मिळालें. पण परिणाम असा झाला कीं जो तो आपल्या कुंपणांत बसून राहिला आणि शहरें ओस पडलीं. लाखों माणसांच्या खेळांत आपण एकटेच आहों असें वाटूं लागलें, अशी खेळाडूंचीच ओरड झाली. दोन वर्षांनीं निघालेल्या पुढील भागांत कंपनीनें एकेकाच्या ठाण्याऐवजीं एका पेशाच्या सर्वांस मिळून एक दालन दिलें. ऐरण प्रत्येकाच्या घरीं पोंचली म्हणजे प्रश्न सुटला असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या कांहीं खेळांत ऐरण चौकांत आहे, परंतु तिला मालक आहे. २०१७ सालीं निघालेल्या 'ॲल्बियन ऑनलाइन' मध्यें शहरांतल्या जागांचा लिलाव होतो. जागा घेणारा तेथें भट्टी उभारतो आणि येणाऱ्या कारागिराकडून किती शुल्क घ्यावयाचें तें स्वतः ठरवितो. आमच्या वाचकांस हें कोठें तरी पाहिल्यासारखें वाटेल. जिनिंगचा मालक आणि कापूस आणणारा शेतकरी यांची गांठ कशी पडते तें यवतमाळ जिल्ह्यांत निराळें सांगावयास नको. तरी एक चांगलें आहे कीं शुल्क अवाच्या सवा झालें तर कारागीर दुसऱ्या भट्टीकडे जातो, आणि मालकास नरम यावें लागतें. मालकी असलेली पण दार उघडें असलेली भट्टी, बंद घरांतल्या ऐरणीपेक्षां बरीच म्हणावयाची.

जपानी कंपनीच्या 'फायनल फँटसी चौदा' या खेळाची गोष्ट आणखी निराळी. तेथें साधी कारागिरी करण्यास घर लागत नाहीं. आपलें हत्यार हातांत घेतलें कीं रस्त्याच्या कडेलाहि काम करतां येतें. ही योजना आम्हांस फार आवडली. परंतु घरांच्या जागा मोजक्या. इतक्या मोजक्या कीं एप्रिल २०२२ पासून त्या चिठ्ठ्या काढून वाटाव्या लागल्या, आणि मालक पंचेचाळीस दिवस घरांत फिरकला नाहीं तर घर पाडून जागा परत घेण्याचा नियम करावा लागला. आणि येथेंच खोंच आहे. आकाशांतून जाणारें जहाज किंवा पाण्याखालून जाणारी बोट बांधावयाची असेल तर ती खेळाडूंच्या मंडळीच्या घराखालील कारखान्यांतच बांधतां येते. टप्प्याटप्प्यानें, एकानें हा भाग आणावा, दुसऱ्यानें तो, असें करून तें जहाज उभें राहतें. ज्या मंडळीस चिठ्ठींत घर लागलें नाहीं तिला कारखाना नाहीं, आणि कारखाना नाहीं म्हणून जहाजहि नाहीं. मग तिच्यांतले कारागीर कितीहि कुशल असोत.

साध्या वस्तूस दार मोकळें, आणि उडणाऱ्या जहाजापाशीं मात्र घराची अट! हें वाचतांना आमच्या मनांत फुलसावंगीची आठवण आल्यावांचून राहिली नाहीं.

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत या गांवचें नांव देशभर वर्तमानपत्रांतून झळकलें, तें एका दुःखद कारणानें. येथील एक तरुण, आठवीपर्यंत शिकलेला, लोखंडी कपाटें-कूलर बनविण्याचें काम करणारा, सुमारें दोन वर्षें खपून एक हेलिकॉप्टर तयार करीत होता. त्याला यंत्र मारुती ८०० मोटारीचें लावलें होतें. बांधणी, जोडकाम, पत्र्याचें काम सर्व स्वतःचें. विद्या मिळविली ती बव्हंशीं इंटरनेटवरील चित्रफिती पाहून. स्वातंत्र्यदिनास तें लोकांपुढें आणावें असा त्याचा मनोदय होता. त्याच्या आधीं चार-पांच दिवस रात्रीं चांचणी घेत असतां मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि त्याचें पातें डोक्यास लागून तो तरुण मरण पावला. त्याचें नांव आम्ही येथें मुद्दाम देत नाहीं. गांवांत तें सर्वांस माहीत आहे, आणि त्याच्या घरच्यांच्या दुःखाचा बोभाटा करण्याची आमची इच्छा नाहीं.

त्या वेळीं लोकांनीं दोन प्रकारें बोलून घेतलें. एकांनीं त्यास चित्रपटांतला नायक केलें, दुसऱ्यांनीं अविचारी ठरविलें. आम्हांस दोन्ही बोलणीं सारखींच उथळ वाटलीं. त्याच्यापाशीं हत्यारें होतीं, जागा होती, हात तयार होता, आणि धीर तर होताच. खेळांतल्या भाषेंत सांगावयाचें तर त्याच्या घरीं ऐरण होती. मोठ्या कारखान्यांत असा पंखा प्रथम फिरवितात तो माणसांपासून दूर, मजबूत आडोशाच्या पलीकडे, यंत्रास घट्ट जखडून; आणि फिरविण्यापूर्वीं जाणत्या माणसांनीं प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट तपासलेला असतो. खेड्यांतल्या कारागिरास असा आडोसा आणि असे डोळे कोठून मिळावेत? चित्रफीत पाहून जोड कसा द्यावा तें कळतें. परंतु आपण दिलेला जोड पाहून "थांब, हा टिकणार नाहीं" असें चित्रफीत सांगत नाहीं. तें सांगावयास शेजारीं माणूस लागतो. खेळांत जहाज बुडालें तर दुसरें बांधतां येतें. येथें तशी सोय नाहीं. म्हणूनच खेळापेक्षांहि प्रत्यक्षांत ऐरण चार जाणत्यांच्या नजरेसमोर असण्याची निकड अधिक आहे.

कोणी म्हणेल कीं, पूर्वीं आपल्या गांवोगांवीं अशी लोहारसाळ होतीच कीं. होती, आणि जुन्या लोकांस तिची आठवण गोड वाटते, हेंहि ठीक. मृगाच्या आधीं वखराची पास, डवऱ्याची पास, तिफणीचे फण घेऊन शेतकरी तेथें जमत. भाता ओढावयास पोरें पुढें सरसावत. घण कोणीं घालावयाचा, ऐरणीवर लोखंड किती वेळ तापलेलें राहतें, पाणी केव्हां द्यावयाचें, हें बसल्या बसल्या दिसे. परंतु दिसे म्हणजे शिकतां येई, असें मात्र नव्हे. सुताराच्या पोरानें सुतार व्हावें, लोहाराच्या पोरानें लोहार. बाकीच्यांनीं पाहावें व धान्य मापून द्यावें. कांहींनीं तर पाहावें तेंहि दुरून. ज्यांच्या आज्यापणज्यांस त्या सावलींतहि उभें राहूं दिलें जात नसे, अशा घरांतलीं मुलें या मासिकाच्या वाचकांत आहेत. खेळांतील कंपनी 'घर नाहीं त्यास काम नाहीं' असा नियम करते. आमच्या गांवगाड्यानें 'ज्या घरांत जन्म त्या घरचेंच काम' असा नियम हजारों वर्षें चालविला होता. दोन्ही नियमांत ऐरण घरालाच बांधलेली. मिशनच्या जुन्या शाळांतून सुतारकाम, विणकाम यांचे वर्ग निघाले आणि त्यांत कोणत्याहि घरचा मुलगा रंधा हातीं धरूं लागला, तेव्हां कित्येकांस तें विपरीत वाटलें त्याचें कारण हेंच.

घर आणि कारखाना यांची सांगड मुळींच असूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत कुंडलच्या ओसाड माळावर कारखाना काढला व त्याच्या भोंवतीं कामगारांची वस्ती वसविली, तीच किर्लोस्करवाडी. तेथें काम करणारास घर मिळालें. आधीं काम, मग घर. खेळांत हा क्रम उलटा होतो, आधीं घर आणि मग काम. आणि आम्हांस खुपतो तो हा उलटेपणा. त्याचप्रमाणें घरवाल्यानें आपलें दार मोकळें ठेवलें तर त्यासारखी दुसरी गोष्ट नाहीं. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' या खेळांत २०१७ च्या फेब्रुवारींत घरें आलीं. तेथें साध्या भट्ट्या प्रत्येक गांवांत सर्वांस मोकळ्या आहेतच. परंतु कांहीं खास प्रकारच्या ऐरणी दूरदूरच्या रानांत एकेकट्या असत. खेळाडूंच्या मंडळ्यांनीं काय केलें, तर अनेकांनीं श्रम करून तशा ऐरणी मिळविल्या, मंडळीच्या प्रमुखाच्या घरांत ओळीनें मांडल्या, आणि मंडळींतल्या कोणालाहि केव्हांहि येऊन काम करण्याची मुभा दिली. घर एकाचें, कारखाना सर्वांचा. कोणत्याहि कंपनीनें तशी सक्ति केलेली नव्हती. (याच खेळांत खऱ्या पैशांनींहि घरें विकतात, हें पालकांनीं विसरूं नये. बापाच्या खात्यांतून असला वाडा घेणाऱ्या मुलाच्या बाजूनें आम्ही एक शब्दहि बोलणार नाहीं.)

आणि 'माइनक्राफ्ट' तर आमच्या सातवी-आठवीच्या मुलांस पाठ आहे. त्यांत चार लांकडी फळ्या जुळविल्या कीं कामाचें मेज तयार. तें मेज डोंगरावर मांडा, नदीकांठीं मांडा, पाहिजे तेथें मांडा. झाड तोडतां येणाऱ्या प्रत्येकास पहिल्याच दिवशीं तें मिळतें. या खेळाची जगभर जी चहा झाली तिचें एक कारण हें उदार मेज असावें, असा आमचा तर्क आहे.

आतां हा सगळा विचार आमच्या शाळांपाशीं आणून ठेवतों; कारण वाद खेळाचा असला तरी ऐरण आमची आहे.

आमच्या प्रांतांत या बाबतींत कोणीं कांहीं केलेंच नाहीं असें नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरांत येथून जवळच वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि मुलांच्या शिक्षणाच्या मध्यभागीं एखादा हातउद्योग असावा असा विचार महात्मा गांधींनीं तेथें मांडला. ती योजना पुढें जशी चालावयास पाहिजे होती तशी चालली नाहीं. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्री. श. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. शाळेंत न रमलेल्या खेड्यांतील मुलामुलींनीं जोडकाम, वीजकाम, शेती हें प्रत्यक्ष करीत शिकावें, असा तेथील क्रम. त्याच पाबळास २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या प्रख्यात संस्थेच्या सहाय्यानें 'फॅब लॅब' नांवाची कार्यशाळा उघडली. संगणकानें चालणारीं कापण्या-कोरण्याचीं यंत्रें तेथें खेड्यांतल्या मुलांच्या हातीं आलीं. त्या संस्थेच्या आवाराबाहेर जगांत उघडलेल्या अशा पहिल्या कार्यशाळांत पाबळची गणना होते. न्यू यॉर्क नव्हे, मुंबई नव्हे, पाबळ! ज्यांस खेड्यांत कांहीं होत नाहीं असें वाटतें त्यांनीं एकदां तेथें जाऊन यावें.

पुढें २०१६ पासून केंद्र सरकारच्या नीति आयोगानें 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना काढली. निवडलेल्या शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य. त्यांतून सहावी ते बारावीच्या मुलांकरितां हत्यारें, विजेचे सुटे भाग, त्रिमितीय छपाईचें यंत्र इत्यादि घ्यावयाचें. देशांत अशा सुमारें दहा हजार कार्यशाळा निघाल्या. योजना उत्तम. परंतु त्यांतल्या कित्येकींच्या दारावर कुलूप असतें, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. पाहुणे यावयाचे असले म्हणजे धूळ झटकावी, चार हुशार मुलें निवडून यंत्रापाशीं उभीं करावींत, छायाचित्र काढावें, आणि पुन्हां कुलूप. किल्ली कपाटांत, कपाटाची किल्ली टेबलांत. हें कुलूप लबाडीनें लागतें असें नाहीं. वस्तूंची नोंदवही एका शिक्षकाच्या नांवें असते. पकड हरवली, तर भरपाई त्याच्या माथीं. मग तो बिचारा किल्ली सैल कशी सोडील? म्हणजे येथेंहि खेळासारखेंच झालें. ऐरण सर्वांकरितां म्हणून आणली आणि एका माणसाच्या घरांत जाऊन बसली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांस या खेळांचा छंद आहे त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, खेळांतली ऐरण घरांत अडकली म्हणजे तुम्ही जितके चिडतां तितके शाळेंतल्या कार्यशाळेच्या कुलुपावर कधीं चिडलां आहां काय? नसाल, तर या वर्षीं चिडून पहा. अर्थात् सभ्यपणानें, आणि मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून. पालकांपैकीं जे गवंडी, सुतार, वेल्डर, मोटार-दुरुस्ती करणारे, शिवणकाम करणाऱ्या आहेत त्यांस आमची विनंति निराळी. आपणांस पदवी नाहीं म्हणून आपण शाळेच्या पायरीशीं थबकतां. आठवड्यांतून एक संध्याकाळ आपण त्या खोलींत नुसते बसलांत, आणि मुलाच्या हातांतला चुकीचा जोड पाहून "थांब" एवढें म्हटलेंत, तरी जें काम पदवीधर शिक्षकाकडून होत नाहीं तें होईल. आम्ही स्वतः पदवीधर आहों, म्हणून हें जरा अधिकारानें सांगतों.

यावर नेहमींचा आक्षेप चोरीचा. खेळांतली ऐरण कोणी उचलून नेऊं शकत नाहीं, शाळेंतली कानस मात्र खिशांत जाते, हें खरें आहे. त्यावर कारखान्यांतून चालत आलेला एक साधा उपाय आहे. भिंतीवर एक रंगविलेली फळी लावावी. प्रत्येक हत्याराला तिच्यावर एक खिळा, आणि खिळ्याखालीं त्या हत्याराची हुबेहूब आकृति काळ्या रंगानें काढलेली. हातोड्याच्या जागीं हातोडा, पकडीच्या जागीं पकड. सायंकाळीं सर्व हत्यारें जागेवर टांगलीं म्हणजे काळा रंग झांकला जातो. एखादें नसेल तर त्याची काळी आकृति दारांतूनच दिसते, आणि तें कोणाच्या हातीं होतें हें मुलांस त्याच क्षणीं आठवतें; दुसऱ्या दिवशीं विचारलें तर आठवत नाहीं. फळी, रंग व खिळे यांचा खर्च फारसा नाहीं. आकृति काढण्याचें काम चित्रकलेच्या वर्गानें करावें. आणि कुलपाची किल्ली आळीपाळीनें नववीच्या दोघां मुलांकडे द्यावी, त्यांत एक मुलगी असावी, कारण आजवर या खोलीचा उंबरठा मुलींनींच सर्वांत कमी ओलांडला आहे.